नक्की-गुणांक

रविवारी सकाळी निनाद खटावकर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या गाडीनं त्याला नमस्कार केला आणि सांगितलं, की आज ती पन्नास किलोमीटर जाऊ शकेल.

त्याला कऱ्हाडहून विट्याला जायचं होतं. विट्याहून वैजयंतीताईला घेऊन पुण्याच्या विमानतळावर, आणि तिथून परत. ताई आज मुलाकडे कॅनडाला निघाली होती, कायमची. विट्यातलं घर विकून झालं होतं. धाकट्या भावानं तिला विमानतळापर्यंत सोडायचं, असं पंधरा दिवसांपूर्वी ठरलं होतं. म्हणजे निनादनं ठरवलं होतं. ताई फक्त "बरं" म्हणाली होती.

"गाडी पूर्ण भरून ठेव म्हणून मी आठवडाभर कानीकपाळी ओरडतोय," तो गाडीला म्हणाला.

"आपण सांगितलं होतं," गाडी म्हणाली. कर्ज नाकारताना बँकेतली मुलगी जितक्या गोड आवाजात बोलते, तितक्याच गोड आवाजात. "आपल्या सांगण्याची नोंद आहे. काल संध्याकाळी वारा पडल्यामुळे आपल्या गाडीनं शहराला वीज दिली. कऱ्हाड आपलं आभारी आहे."

"कऱ्हाड गेलं..." निनादनं वाक्य अर्धवट सोडलं. पवनमित्र असल्या वाक्यांचीही नोंद ठेवतो, हे इतरांना ऐकून माहीत होतं. निनादला ते आतून माहीत होतं, कारण पवनमित्र घडवणाऱ्या मंडळींत तो स्वतः होता.

विजेचा एक वाईट स्वभाव आहे. ती ज्या क्षणी तयार होते, त्याच क्षणी कुणीतरी ती वापरावी लागते. पुरवठा आणि मागणी यांत तफावत पडली, की तारांमधल्या प्रवाहाची लय ढळते, आणि ती फार ढळली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी पटापट बंद पडतात. कोळशाच्या काळात हा तोल सांभाळणं सोपं होतं. मागणी वाढली की भट्टीत कोळसा जास्त टाकायचा. पवनचक्कीत जास्त वारा टाकता येत नाही. डोंगरावरचा वारा आषाढात मागाल त्याच्या दुप्पट वीज देतो, आणि आश्विनात संध्याकाळी, नेमक्या घरोघरचे दिवे, शेगड्या आणि वातानुकूलन यंत्रं सुरू होण्याच्या वेळी, कुठेतरी निघून जातो.

यावर उपाय गाड्यांनी दिला. विजेवरची मोटारगाडी म्हणजे चाकं लावलेली बॅटरी, आणि ही बॅटरी दिवसाचा बहुतेक वेळ नुसती उभी असते. तिला दुहेरी तार लावली, तर वारा असताना ती वीज पिऊ शकते आणि वारा पडला की परत देऊ शकते. कऱ्हाडातल्या सगळ्या गाड्या एकत्र धरल्या, तर एक धरण होईल एवढी वीज त्यांत मावते. हा सगळा जमाखर्च सांभाळणारी प्रणाली म्हणजे पवनमित्र. मालकाला उद्या किती वीज लागेल तेवढी गाडीत ठेवायची आणि उरलेली शहराला द्यायची, एवढंच त्याचं काम.

अडचण आली ती 'मालकाला उद्या किती लागेल' इथं.

वाऱ्याचा अंदाज फारसा चुकत नव्हता. माणसांचा चुकत होता. लोकांना रोज विचारत बसायला नको, म्हणून पवनमित्रला फोनवरचं बोलणं ऐकायची परवानगी देण्यात आली. परवानगी लोकांनीच दिली होती. कुणी न वाचता 'मान्य' दाबलं म्हणून ती कमी मान्य ठरत नाही. त्यामुळे कुणी फोनवर "रविवारी येतो" म्हणालं, की पवनमित्र त्याची गाडी तेवढ्या अंतरापुरती भरून बाजूला ठेवत असे. पहिल्याच दिवाळीत सातारा-सांगली पट्ट्यातल्या समस्त जनतेनं एकमेकांना येतो म्हणून सांगितलं. पवनमित्रनं झाडून सगळ्या गाड्या भरल्या आणि त्यांना हात लावला नाही. कुणीही कुठेही गेलं नाही. ऐन लक्ष्मीपूजनाला वारा पडला आणि दारोदार भरलेल्या गाड्या उभ्या असताना अर्धं कऱ्हाड अंधारात बसलं.

चौकशी समिती नेमली गेली. समितीवरच्या दिल्लीच्या तज्ज्ञांना एकच गोष्ट उमगत नव्हती: जायचं नसेल तर ही माणसं येतो असं का सांगतात?

"नाही कसं म्हणणार, सर?" निनाद तेव्हा म्हणाला होता. तो त्या वेळी साधा उपअभियंता होता. "तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही."

मग त्यानं तीन आठवडे बसून एक हिशोब मांडला. "बघतो, जमलं तर" म्हणणारी माणसं निम्म्या वेळा जातात. "येतो" म्हणणारी तिसऱ्या हिश्शाला. आणि "येतो, नक्की येतो, अगदी नक्की" म्हणणारी जवळजवळ कधीच जात नाहीत. प्रत्येक माणसाचा बोलण्याचा आणि निघण्याचा इतिहास ताडून पवनमित्रनं त्याचा एक गुणांक ठरवावा, आणि त्या गुणांकानं अंतराला गुणावं. सरकारदरबारी त्याला प्रस्थान-विश्वासांक म्हणत. पवनमित्रच्या नियंत्रण केंद्रात, जेवणाच्या खोलीत, सगळे नक्की-गुणांक म्हणत. पुढच्या दिवाळीत कऱ्हाडात दिवे राहिले. निनादला शाल, नारळ आणि बढती मिळाली.

आता त्यानं गाडीच्या पडद्यावर स्वतःचा गुणांक उघडला. आजवर त्यानं तो पाहिला नव्हता. आपला चांगलाच असणार, असं तो धरून चालला होता.

'वैजयंती देशपांडे, विटा. गुणांक: शेकडा चार.'

विटा-पुणे-परत हे सगळं अंतर, त्याचे शंभरातले चार भाग, म्हणजे किलोमीटर सोळा-सतरा. त्यात गावातल्या फिरण्यापुरती म्हणून सगळ्यांना ठेवतात ती वीज. एकूण पन्नास. गणितात कुठेही चूक नव्हती. एक लाख गाड्यांना हे गणित लावलं की बेरीज अचूक येत होती. फक्त ज्या प्रवासाला माणूस एक तर जातो किंवा जात नाही, त्यासाठी एकाला सतरा किलोमीटर जाण्यापुरती वीज मिळत होती.

तो वर आला. त्याची बायको शलाका चहा घेत होती.

"अगं, ती गाडी म्हणते मी जाणारच नाहीये!"

"मग?"

"मग म्हणजे? मी जाणार आहे!"

"मला काय सांगतोस, तिला सांग." शलाकानं कप खाली ठेवला. "हे बघ निनाद, मागच्या भाऊबीजेला काय झालं होतं?"

"मला ताप होता."

"त्याच्या मागच्या?"

"केंद्रात वाऱ्याचा प्रश्न होता."

"ताई निवृत्त झाल्या तेव्हा? भाऊजींच्या वर्षश्राद्धाला? गाडी तुला ओळखते, एवढंच. तिच्यावर कशाला चिडतोस?"

यावर तो खरं तर तिच्यावर चिडला, पण ते बोलून दाखवण्यात वेळ गेला असता. ताईशी त्याचं भांडण नव्हतं. भांडण झालं असतं, तर मिटवायला तरी गेला असता. विटा तासाभराच्या अंतरावर होतं, आणि तासाभराच्या अंतरावरच्या गावाला कधीही जाता येतं, म्हणून तीन वर्षं जाणं झालं नव्हतं.

त्यानं केंद्रात फोन लावला. रविवारच्या पाळीला रेश्मा तांबोळी होती.

"रेश्मा, माझ्या गाडीला जरा वीज सोड ना. आणखी साडेतीनशे किलोमीटरची."

"सर, वारा शून्य आहे. दवाखाने आणि पाणीपुरवठाच कसाबसा ओढतेय मी. हायवेवरचे चार्जिंग पंपसुद्धा गुणांकावर ठेवलेत." क्षणभर थांबून ती म्हणाली, "कारण टाकलं तर होईल, सर. कोणतं टाकू? आजारपण, परीक्षा, मतदान की मयत?"

"बहिणीला विमानतळावर सोडायचंय."

"ते नाही यादीत."

"मला माहितीय गं. यादी मीच केलीय."

"मयत टाकू का मग? सगळे तेच टाकतात, सर. गेल्या महिन्यात जिल्ह्यात जेवढी माणसं गेली, त्याच्या नऊपट गाड्या मयतीला गेल्यात. फक्त नाव आणि नातं सांगा."

"कुणाचं नाव?"

"जिच्याकडे निघालाय तिचंच लागतं, सर. ठिकाण जुळावं लागतं ना."

निनादनं डोळे मिटले. वैजयंती देशपांडे, बहीण. मयत.

"राहू दे," तो म्हणाला.

"सर, मशीनला टाकायचं, कुणाला कळतंय?"

"राहू दे म्हटलं ना!"

खाली जगदाळे काका फेरफटका मारून परतत होते. सोसायटीत एकट्या जगदाळेंची गाडी कायम गळ्यापर्यंत भरलेली असायची, कारण त्यांचा गुणांक शेकडा शंभर होता, आणि शंभरवाल्याच्या गाडीला पवनमित्र हात लावत नसे. अख्ख्या कऱ्हाडात असे सहाच जण होते. जगदाळे कुणालाही येतो म्हणत नसत. बारशाला बोलावलं तर "नाही येणार", लग्नाला बोलावलं तर "नाही येणार, आहेर नंतर पाठवतो." त्यामुळे त्यांना आता कुणी बोलावत नसे आणि गाडी भरून उभी असे.

"काका, आजचा दिवस गाडी देता का? माझी बहीण कायमची परदेशी चाललीय."

"नाही," जगदाळे म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत आणून देतो."

"तुझा गुणांक किती?"

निनादनं नजर जगदाळेंच्या गाडीकडे वळवली.

"तरीच. हे बघ खटावकर, राग मानू नकोस. हा गुणांक तूच काढलास ना? मला आवडला तो. बायको हयातीत मला माणूसघाणा म्हणायची. तुझ्या यंत्रानं पहिल्यांदा मला विश्वासू म्हटलं. आता गाडी तुला दिली, की लोकांना कळेल जगदाळे हो म्हणतो. उद्यापासून रांग लागेल दारात." मग थोडं मऊ होऊन ते म्हणाले, "पन्नासात विटा होतंय की. जा तेवढा."

एका दृष्टीनं ते बरोबर होतं. विट्यापर्यंत गाडी जेमतेम पोचली असती. तिथं ताईच्या दारातली तार लावायची. विट्याचा पुरवठा वेगळ्या उपकेंद्रातून होतो, कदाचित तिकडे थोडा वारा असेल. गुणांक गावाला नसतो, माणसाला असतो. विट्यात तार लावली तरी पवनमित्र त्याला ओळखणारच, हे जिल्ह्यात सर्वांत जास्त ज्याला ठाऊक होतं, तो माणूस गाडीत बसला आणि निघाला.

कऱ्हाड ते विटा हा रस्ता त्यानं बैलगाडीला शोभेल अशा चालीनं कापला. वातानुकूलन बंद, काचा बंद, कारण उघड्या काचांनी गाडीला हवा अडते आणि वीज जास्त जाते. आश्विनातलं ऊन. ओगलेवाडीच्या पुढे उसाची एक ट्रॉली लागली. एरवी त्यानं हॉर्न वाजवून तिला जेरीस आणलं असतं. आज तो तिच्या मागे मागे, तिच्या आडोशानं, हवेचा विरोध वाचवत गेला. ट्रॉलीवर बसलेला माणूस त्याच्याकडे पाहून हसला आणि त्यानं एक ऊस पुढं केला. निनादनं मान हलवून नको म्हटलं. गाडीचा आकडा अंतरापेक्षा एखाददुसऱ्या किलोमीटरनं जास्त होता आणि तो ते दोनच आकडे बघत होता.

कडेगावच्या पुढे माळावरच्या पवनचक्क्या दिसल्या. एकीचंही पातं हलत नव्हतं. शिक्षा झालेल्या मुलांसारख्या त्या हात वर करून रांगेत उभ्या होत्या.

"ताई, निघालोय मी," त्यानं फोनवर सांगितलं.

"हो का," ताई म्हणाली.

"खरंच निघालोय! कडेगाव मागे टाकलं!"

"बरं, सावकाश ये." तिच्या आवाजात राग नव्हता. दूधवाल्याशी बोलावं, तसा तो आवाज होता. फोन ठेवायच्या आधी तिनं कुणाला तरी सांगितलेलं त्याला ऐकू आलं, "ती मोठी बॅग डिकीत आडवी ठेवा."

तो गल्लीत शिरला तेव्हा गाडीचा आकडा एकवर होता आणि शर्टाची इस्त्री घामात विरघळली होती. ताईच्या दारात टॅक्सी उभी होती. डिकी उघडी होती आणि बॅगा आत गेल्या होत्या. धंद्याच्या गाड्यांना पवनमित्र पूर्ण भरून देतो, तो नियमही त्यानंच सुचवला होता.

ताई पायरीवर आली. तीन वर्षांत तिचे केस सगळे पांढरे झाले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या गाडीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "आलास?"

"टॅक्सी कशाला सांगितलीस? मी सोडणार होतो ना!"

"टॅक्सी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितली होती, निनू. तुझा फोन ठेवला आणि लगेच सांगितली."

"म्हणजे तू धरूनच चाललीस?"

"मग काय करू? विमान थांबतं होय तुझ्यासाठी?"

"थांब जरा. पाचच मिनिटं. गाडीला तार लावतो, तासाभरात भरेल. टॅक्सी परत पाठव. आपण बोलत बोलत जाऊ पुण्यापर्यंत." तो बोलता बोलता तार ओढत होता. तार बसली. गाडीनं नमस्कार केला.

"खटावकर साहेब, आपण विट्यात पोचलात. अभिनंदन," पवनमित्र म्हणाला. "आपला गुणांक शेकडा चारवरून सहावर गेला आहे. वारा सुटताच आपल्या क्रमाने गाडी भरली जाईल."

"क्रम कितवा?"

"अदमासे उद्या दुपार."

टॅक्सीवाला घड्याळ बघून खाकरला. निनादनं तारेला एक हिसडा दिला, जणू पलीकडून कुणी ती धरून ठेवली होती.

"काय मूर्ख यंत्र आहे हे! माणूस समोर उभा आहे, निघून आला आहे, उन्हात भाजून आला आहे, आणि हे म्हणतंय..."

"त्याला कशाला बोलतोस?" ताई म्हणाली. "ते तुला गेलं वर्ष-दोन वर्षं ओळखतंय. मी जन्मापासून ओळखते. पहिल्या भाऊबीजेला मी पुरण घातलं होतं, रात्री म्हशीला गेलं. दुसऱ्या वर्षी श्रीखंड आणलं, म्हटलं टिकेल तरी. गेल्या वर्षी काहीच केलं नाही, आणि तू आला नाहीस तेव्हा मला बरं वाटलं रे. वाया काही गेलं नाही म्हणून." ती थांबली. "त्याचं मला जास्त वाईट वाटलं."

निनादला सांगायचं होतं, की ताप खरा होता, वाऱ्याचा प्रश्नही खरा होता. सगळी कारणं एकेकटी खरी होती. पण बेरीज तिच्याकडेही होती.

"मी टॅक्सीत बसतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "गाडी राहू दे इथंच."

ताईनं टॅक्सीचं मागचं दार उघडून दाखवलं. सीटवर शिवणयंत्र बांधून ठेवलं होतं आणि पायाशी दोन पोती. "शिवणयंत्र आणि पोती पुण्याला नणंदेकडे द्यायचीत. पुढच्या सीटवर मी. तुझी जागा धरली नव्हती, निनू. तू येशील असं वाटलं असतं, तर धरली असती."

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. लहानपणी शाळेत पाठवताना फिरवायची तसाच, घाईघाईनं. मग तिनं कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"नवीन मालक उद्या संध्याकाळी येतील, त्यांना दे. आत एक चटई आहे आणि माठात पाणी आहे. तीन वर्षं म्हणत होते ना, एक रात्र राहा म्हणून? राहा आता."

टॅक्सी वळली. ताईनं काच खाली करून हात हलवला. निनाद तार हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गल्लीच्या टोकाला टॅक्सी क्षणभर थांबली. कुत्रं आडवं आलं होतं. मग ती गेली.

तो रिकाम्या घरात जाऊन आला. बाहेर येऊन पायरीवर बसला. समोरच्या पिंपळाचं एक पानही हलत नव्हतं. पवनमित्र बनवणाऱ्यांपैकी निदान एकाला तरी थोबाडीत मारावी, अशी त्याला अनावर इच्छा झाली, आणि ते सहज शक्य होतं, हेच अवघड होतं.

शेजारच्या फाटकातून एक बाई डोकावली. साठीची, हातात विळी, पदर खोचलेला.

"कोण पाहिजे?"

"मी वैजयंतीताईंचा भाऊ. कऱ्हाडचा."

बाईनं विळी कठड्यावर ठेवली आणि त्याला नीट न्याहाळलं.

"म्हणजे तुम्ही आहात होय खरंच?" ती म्हणाली. "राग मानू नका हं. दर सणाला ताई सांगायच्या, भाऊ येणार, भाऊ येणार. आम्ही आपलं हो म्हणायचो. आमच्या सूनबाईचं तर म्हणणं होतं, बिचारीला भाऊच नसणार, एकटं माणूस, मनाला काहीतरी धरून राहतं. आम्ही कधी विचारलं नाही. कशाला उगाच दुखवायचं?"

बाईचं लक्ष दारातल्या गाडीकडे गेलं.

"गाडी बंद पडली वाटतं?"

"बंद नाही. वारा नाही म्हणून भरत नाहीये."

"मग उद्याशिवाय काय भरत नाही ती. आणि आत चूल ना भांडं. जेवायला आमच्याकडे या दुपारी."

"अहो, कशाला त्रास..."

"त्रास कसला? ताईंचा भाऊ म्हणजे आमचाच. येताय ना?"

"हो," निनाद म्हणाला. "येतो."

बाई समाधानानं वळली आणि घरात हाक दिली, "सूनबाई, एका माणसाचा भात वाढीव टाक गं!" फाटकापाशी जाऊन ती थांबली, मागं वळून तिनं एकदा निनादकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून आत म्हणाली, "नाहीतर थांब. आधी येऊ देत."